इ. स. १८५५ मधील कलकत्त्याचा एक डाव व ‘हिंदी बचावा’चें मूळ

१. विषय

पत्रें, सनदा, महजर, जमाखर्च व शकावल्या हीं राजकीय इतिहासाचीं साधनें होत, हें आतां सर्वमान्य झालें आहे. परंतु लोकांच्या बुद्धिव्यवसायाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास याहून निराळीं साधनेंहि हाताळावीं लागतात. ध्वनिमुद्रण निघण्यापूर्वीचा एखादा थोर गवई कसा गात असे, हें आज कोणासहि निश्चितपणें सांगतां येत नाहीं; एखादा नामांकित मल्ल कोणता पेंच कसा टाकीत असे, हेंहि बहुधा त्याच्याबरोबरच गेलें. बुद्धिबळाचा खेळ मात्र या बाबतींत भाग्यवान् आहे. पहिल्या चालीपासून मात होईपर्यंत संबंध डाव कागदावर उतरून ठेवतां येतो. आणि अशी नोंद हातीं आली म्हणजे शंभर-दीडशें वर्षांनंतरहि पट मांडून तोच डाव जसाच्या तसा पाहतां येतो. खेळणाराचा चेहरा, वय, भाषा यांपैकीं कांहीं ठाऊक नसलें, तरी त्यानें कोणत्या क्षणीं काय विचार केला असावा याचा माग त्या नोंदींत सांपडतो.

प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक नोंद आहे. इ. स. १८५५ च्या मे महिन्यांत कलकत्ता येथें जॉन कोक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरानें महेशचंद्र बंद्योपाध्याय या बंगाली ब्राह्मणाविरुद्ध एक डाव जिंकला. डाव लहान आहे; एकवीस चालींत मात होते. जिंकणाराचा शेवटचा हल्ला मोठा प्रेक्षणीय असल्यामुळें सामान्य वाचकाचें लक्ष त्याकडेच जाईल. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग शेवटचा नसून पहिला आहे. हरणाऱ्या महेशचंद्रांनीं या डावाचा जो प्रारंभ केला, तोच प्रारंभ सदुसष्ट वर्षांनीं, इ. स. १९२२ मध्यें, अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूनें व्हिएन्ना येथील सामन्यांत वापरून अलेखाइनसारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावर विजय मिळविला. तेव्हांपासून तो ‘ग्रुनफेल्ड बचाव’ या नांवानें जगभर ओळखला जातो.

हा प्रारंभ महेशचंद्रांस कोठून मिळाला? तो जुन्या हिंदी खेळाच्या संवयीचा केवळ अवशेष होता, कीं त्यांत त्यांची स्वतःची बुद्धि दिसते? या प्रश्नाचा उलगडा त्या डावाच्या नोंदीवरूनच बऱ्याच अंशीं होतो, असें दाखविण्याचा येथें विचार आहे.

२. साधनांचा विचार

बुद्धिबळाचा उगम हिंदुस्थानांत झाला, हें मत विद्वानांनीं सामान्यतः स्वीकारलें आहे. परंतु या देशांत तो खेळ प्रत्यक्ष कसा खेळला जात असे, विशेषतः डावाचा प्रारंभ कसा करीत, याविषयींचीं आपलीं साधनें फार तोकडीं आहेत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजांच्या करमणुकींत या खेळाचें वर्णन आलें आहे. पैठणाहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टांनीं सतराव्या शतकांत ‘भगवंतभास्कर’ हा निबंधग्रंथ रचला. त्याच्या ‘नीतिमयूख’ या भागांतहि बुद्धिबळाचें प्रकरण आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळांतील तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी रूपांतर इ. स. १८१४ मध्यें मुंबईस छापलें गेलें.

या ग्रंथांची योग्यता मोठी आहे. पण त्यांत मोहऱ्यांच्या चाली, पटाची मांडणी, घोड्याच्या फेऱ्या किंवा मात करण्याच्या अवघड स्थिती सांपडतात. ‘विलासमणिमंजरी’चा भर तर अशा निवडक स्थितींवरच आहे. पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत खेळलेला संपूर्ण डाव लिहून ठेवण्याची परंपरा त्यांत दिसत नाहीं. म्हणजे हिंदी खेळाडू डावाचा शेवट कसा करीत हें थोडेंबहुत कळतें; प्रारंभ कसा करीत हें कळत नाहीं. हें उणें भरून काढणारीं साधनें एकोणिसाव्या शतकांत प्रथम मिळूं लागतात, तींहि युरोपीय लोकांच्या सहवासांत. मद्रासचे गुलाम कासिम व जेम्स कोक्रेन यांनीं ‘मुझिओ गँबिट’ या प्रारंभाचें केलेलें पृथक्करण इ. स. १८२९ मध्यें मद्रासेस प्रसिद्ध झालें. हा जेम्स कोक्रेन प्रस्तुत लेखांतील जॉन कोक्रेनहून निराळा, हें अभ्यासकांनीं लक्षांत ठेवावें. आडनांव एकच असल्यामुळें घोटाळा होण्याचा संभव आहे. मद्रासचें हें पृथक्करण उत्कृष्ट असलें तरी त्याचा विषय युरोपीय प्रारंभ आहे. हिंदी वळणाचा प्रारंभ प्रत्यक्ष खेळांत विपुल पाहावयास मिळतो तो कलकत्त्याच्या डावांत.

कलकत्त्याच्या या नोंदी आपल्यापर्यंत जिंकणाऱ्या पक्षाकडून व इंग्रजी छापखान्यांतून आल्या आहेत. महेशचंद्रांनीं स्वतः लिहिलेली एकहि ओळ आपणांपुढें नाहीं. एकाच पक्षाच्या कागदांवर भिस्त ठेवण्यांत काय धोका असतो, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नव्यानें सांगावयास नको. तथापि डावाच्या नोंदींत असा एक गुण आहे, जो बखरींत किंवा कैफियतींत नसतो. बखरकारानें एखादा प्रसंग पदरचा घातला तर पुढील मजकूर अडत नाहीं. डावाच्या नोंदींत मात्र एक चाल बदलली तर पुढच्या कित्येक चाली अशक्य किंवा अर्थशून्य होतात. पट मांडून खेळून पाहणें हीच तिची परीक्षा. या परीक्षेस प्रस्तुत डाव पूर्णपणें उतरतो. कोणते डाव जतन करावे ही निवड एका पक्षाची होती, हें खरें. पण जो डाव जतन झाला त्यांतील चाली महेशचंद्रांच्याच आहेत. या अर्थानें ती नोंद त्यांचेंहि अस्सल पत्र होय.

३. उभयतां खेळाडू

जॉन कोक्रेनचा जन्म इ. स. १७९८ चा व मृत्यु १८७८ चा. त्यानें १८२२ मध्यें लंडनास बुद्धिबळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें तो हिंदुस्थानांत आला व कलकत्त्यास वकिली करूं लागला. इ. स. १८४१ ते १८४३ या काळांत तो इंग्लंडांत परत गेला असतां हॉवर्ड स्टॉन्टनशीं त्याचे पुष्कळ डाव झाले. स्टॉन्टन हा त्या वेळचा इंग्लंडांतील अग्रगण्य खेळाडू. त्याच्याशीं समान पातळीवर बसण्याची योग्यता कोक्रेनच्या अंगीं होती. त्याची खेळण्याची रीति चढाईची. मोहऱ्यांचें बलिदान करून शत्रूच्या राजावर तुटून पडणें त्यास विशेष आवडे.

महेशचंद्रांविषयींची माहिती याच्या मानानें फारच थोडी आहे. त्यांचें नांव इंग्रजी लिखाणांत ‘मोहेशचंदर’, ‘मोहिशंदर’ अशा नाना रूपांत आढळतें. इंग्रजी कागदांत आपल्या सरदारांच्या नांवांची जी दशा झालेली आपण पाहतों, तीच ही. मूळ बंगाली नांव महेशचंद्र बंद्योपाध्याय असें मानण्यास हरकत दिसत नाहीं. इंग्रजींतील ‘बॅनर्जी’ हें त्याच आडनांवाचें रूढ रूप होय. इ. स. १८५० मध्यें ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ या लंडनच्या नियतकालिकांत कलकत्त्याहून गेलेला मजकूर छापला आहे. कोक्रेनशीं बरोबरीनें खेळून टिकाव धरण्याची आशा करूं शकेल असा कलकत्त्यांत हा एकच ब्राह्मण आहे, असा त्याचा आशय. मुफसलांत, म्हणजे शहराबाहेरच्या मुलुखांत, कधींहि न हरलेला एक ब्राह्मण आहे अशी वार्ता १८४८ च्या सुमारास लागली व त्यावरून त्याचा शोध झाला, अशी हकीकत आहे.

‘कधींहि न हरलेला’ हे शब्द वाचतांना एक गोष्ट विसरूं नये. ती कीर्ति हिंदी नियमांच्या खेळांतली होती. कोक्रेनसमोर बसल्यावर महेशचंद्रांस दुसऱ्याच नियमांनीं खेळावें लागलें, आणि प्रतिस्पर्धीहि असा कीं, ज्यानें त्या नियमांवर ग्रंथ लिहिला होता. असें असूनहि पुढील वर्षांत उभयतांमध्यें शेंकडों डाव झाले. बहुतेक कोक्रेननें जिंकले, परंतु कांहीं महेशचंद्रांनींहि जिंकले. सारखें हरत असतांहि पुन्हां पटावर बसणारा हा खेळाडू नव्या नियमांत काय शिकला व जुन्यांतलें काय टाकलें नाहीं, हें पाहण्याजोगें आहे.

४. डाव

आतां प्रत्यक्ष डावाकडे वळूं. पांढरीं मोहरीं कोक्रेनचीं, काळीं महेशचंद्रांचीं.

कोक्रेननें आपल्या वजिरापुढील प्यादें दोन घरें टाकलें. महेशचंद्रांनीं राजाकडील घोडा उंटाच्या तिसऱ्या घरीं काढला. दुसऱ्या चालीस पांढऱ्यानें वजिराकडील उंटाचें प्यादें दोन घरें टाकलें; काळ्यानें राजाकडील घोड्याचें प्यादें एकच घर पुढें केलें. तिसऱ्या चालीस पांढऱ्याचा वजिराकडील घोडा उंटाच्या तिसऱ्या घरीं आला, आणि काळ्यानें वजिराचें प्यादें दोन घरें टाकून पांढऱ्याच्या प्याद्यास भिडविलें. या तीन चालींची जुळणी म्हणजेच आजचा ग्रुनफेल्ड बचाव. व्हिएन्नाच्या डावाच्याहि पहिल्या तीन चाली याच आहेत.

पुढें पांढऱ्यानें राजाचें प्यादें एक घर चालविलें. काळ्यानें उंट घोड्याच्या दुसऱ्या घरीं, लांब कर्णावर, आणून बसविला. पांढऱ्याचा दुसरा घोडा बाहेर पडला. काळ्यानें किल्लेकोट केला. सहाव्या चालीस पांढऱ्यानें प्यादें मारलें व काळ्यानें घोड्यानें तें परत घेतलें. सातव्या चालीस पांढऱ्यानें आपला उंट राजापुढें ठेवला. काळ्यानें घोड्यास घोडा मारला. पांढऱ्यानें प्याद्यानें घोडा घेतांच काळ्यानें वजिराकडील उंटाचें प्यादें दोन घरें टाकून मध्यावर दुसरा आघात केला. नवव्या व दहाव्या चालींत पांढऱ्याचा किल्लेकोट आणि एकेका प्याद्याची मारामारी झाली. मग काळ्याचा उरलेला घोडा उंटाच्या तिसऱ्या घरीं व उरलेला उंट पांढऱ्याच्या घोड्यावर रोंखून उभा राहिला. बाराव्या चालीस दोघांचेहि हत्ती वजिराकडील उंटाच्या मोकळ्या पट्टींत आले.

येथपर्यंत काळ्याच्या खेळांत ठळक दोष दाखवितां येत नाहीं. पांढऱ्यास मध्यभागीं प्यादीं उभारूं द्यावीं, घोडा देऊन घोडा घ्यावा, दूरच्या उंटानें, उंटाच्या प्याद्यानें, घोड्यानें व दुसऱ्या उंटानें मिळून त्या मध्यावर दाब आणावा, ही योजना स्पष्ट दिसते. आज या बचावाची जी मुख्य शाखा खेळली जाते तींत पांढरा राजाचें प्यादें दोन घरें टाकून मध्यभाग अधिक भक्कम व्यापतो, एवढा फरक. काळ्याची योजना हीच असते.

डाव बिघडला तो यानंतर. तेराव्या चालीस महेशचंद्रांनीं वजीर पटाच्या कडेस नेला. पांढऱ्यानें वजीर अशा ठिकाणीं आणला कीं, त्याचा रोंख कर्णावरून थेट काळ्या राजाजवळच्या उंटाच्या प्याद्यावर बसला. नेमक्या याच वेळीं काळ्यानें राजाकडील हत्ती तेथून हलवून राजाच्या पट्टींत नेला. त्यामुळें त्या प्याद्यास राजाखेरीज कोणाचाहि आधार उरला नाहीं. मग कोक्रेननें हत्तीनें काळ्या वजिरास दोनदां हांकून मूळ घरीं परत पाठविलें, घोडा पुढें घातला, आणि महेशचंद्र उंटास उंट मारण्यांत गुंतले असतां अठराव्या चालीस घोड्यानें तें निराधार प्यादें घेतलें. महेशचंद्रांनीं घोडा कडेस नेऊन पांढऱ्या वजिरावर मारा केला. परंतु आतां वेळ गेली होती. घोड्याच्या एका चालीनें वजिराचा व घोड्याचा असा दुहेरी शह बसला, राजा कोपऱ्यांत गेला, पांढऱ्यानें वजीर राजाच्या शेजारीं बळी दिला, काळ्या हत्तीस तो घेणें भाग पडलें, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनीं कोंडलेल्या राजास घोड्यानें मात दिली.

यावरून एवढें सिद्ध होतें कीं, महेशचंद्र हरले ते चौदाव्या व त्यापुढील चालींत. प्रारंभामुळें हरले नाहींत. डाव हरला म्हणून त्याचा प्रारंभहि हिणकस होता, असा समज त्या काळीं होणें स्वाभाविक होतें. युरोपांत त्या वेळीं दोन्ही राजांचीं प्यादीं मध्यभागीं समोरासमोर आणून लौकर हातघाईस येणें हीच रूढ रीति होती. मध्यभाग शत्रूस देऊन बाजूच्या कर्णावर उंट बसविणें ही त्या दृष्टीस एक विलक्षण, कांहींशी भित्री संवय वाटली असल्यास नवल नाहीं.

५. हिंदी नियम व लांब कर्णावरील उंट

ही संवय आली कोठून? त्यासाठीं हिंदी बुद्धिबळाचे नियम पाहिले पाहिजेत. ते प्रांतोप्रांतीं थोडेफार भिन्न होते. तथापि कांहीं गोष्टी बहुतेक सर्वत्र सारख्या आढळतात. हिंदी खेळांत प्यादें पहिल्या चालीसहि एकच घर चाले. क्वचित् कोठें ठराविक प्याद्यांस अधिक मोकळीक देत, पण सामान्य नियम एका घराचाच. युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजीं शह बसला नसेल तर राजास एकदां घोड्याप्रमाणें उडी घेतां येई. शेवटच्या घरीं पोंचलेल्या प्याद्यास बहुधा त्याच पट्टींतील मूळ मोहऱ्याचें रूप मिळे. युरोपीय खेळ याहून निराळा आहे याची जाणीव आपल्या शास्त्र्यांसहि होती. तिरुवेंगडाचार्यांच्या ग्रंथाचें मुंबईचें रूपांतर ‘युरोपीय पद्धतीच्या खेळास अनुसरून’ केल्याचें त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितलें आहे, यावरून इ. स. १८१४ मध्येंच दोन पद्धती शेजारीं शेजारीं नांदत होत्या, हें कळतें.

प्यादें एकच घर चालावयाचें म्हटलें कीं, सर्व खेळाची गति बदलते. दोन्ही सैन्यांची गांठ पहिल्या कांहीं चालींत पडतच नाहीं. कांहीं ठिकाणीं तर ठराविक संख्येच्या चाली एकदम करून घेऊन मग डाव सुरू करीत. प्रत्येक खेळाडूस आपल्या सैन्याची रचना सावकाशपणें, शत्रूची फारशी आडकाठी न होतां, करतां येई. अशा खेळांत घोड्याचें प्यादें एक घर पुढें करून मागच्या घरीं उंट बसविणें ही अगदीं सहज सुचणारी रचना होय. उंटाचा पल्ला मोठा. त्यास पुढें धाडण्याची गरज नसते, मार्ग मोकळा झाला म्हणजे तो मागें राहूनहि संबंध पटावर मारा करतो.

महेशचंद्र व कोक्रेनशीं खेळणारे दुसरे हिंदी खेळाडू हीच रचना युरोपीय नियमांच्या पटावरहि आणीत असत. फिलिप सार्जंट या इंग्रज लेखकानें इ. स. १९३४ मध्यें ब्रिटिश बुद्धिबळाच्या इतिहासांत याच गोष्टीकडे लक्ष वेधलें आहे. कर्णावर उंट बसविण्याची रीति हा हिंदी खेळाडूंस त्यांच्या स्वतःच्या खेळानें दिलेला वारसा होता व युरोपीयांस ती महेशचंद्रांसारख्यांच्या उदाहरणावरून कळली, असा त्याचा अभिप्राय आहे. पंजाबचे मीर सुलतान खान यांनाहि हिंदी नियमांचाच खेळ लहानपणापासून अवगत होता. त्यांनीं इंग्लंडांत जाऊन १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें; त्यांच्याहि खेळांत या रचनेची आवड दिसते. तेव्हां वारशाचा सिद्धांत एकंदरीत मान्य करण्याजोगा आहे.

६. वारसा पुरेसा आहे काय?

परंतु तेवढ्यावर थांबल्यास प्रस्तुत डावाचा उलगडा अर्धाच होतो. ‘वारसा’ या शब्दांत एक गर्भित अर्थ आहे. हिंदी खेळाडूनें जें केलें तें विचारानें नव्हे, संवयीनें केलें. त्याच्या हातून नकळत एक चांगली गोष्ट घडली व तिचें शास्त्र पुढें दुसऱ्यांनीं बनविलें, असें त्यावरून वाटूं लागतें. या समजास डावाच्या नोंदींतूनच दोन उत्तरें मिळतात.

पहिलें उत्तर इ. स. १८४८ च्या एका डावाचें. त्या वर्षीं याच दोघां खेळाडूंनीं खेळलेल्या एका डावांत प्रारंभींच उभयतांच्या राजांचीं प्यादीं दोन दोन घरें पुढें आलीं, दोन्ही बाजूंचे घोडे बाहेर पडले, आणि कोक्रेननें चौथ्या चालीस आपला घोडा दोन प्याद्यांच्या मोबदल्यांत देऊन काळ्या राजास बाहेर ओढलें. अर्थात् प्यादें दोन घरें टाकण्याची युरोपीय रीति महेशचंद्रांस १८५५ च्या पूर्वीं सात वर्षें ठाऊक होती व ते ती वापरीतहि होते. १८५५ मध्यें त्यांनीं घोड्याचें प्यादें एकच घर चालविलें, तें दुसरें कांहीं येत नव्हतें म्हणून नव्हे. दोन्ही रीति जाणणाऱ्या माणसानें केलेली ती निवड होती.

दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. घोड्याचें प्यादें एक घर व त्यामागें उंट, ही रचना हिंदी. परंतु ग्रुनफेल्ड बचावाचें खरें मर्म तिच्यांत नाहीं. तें आहे तिसऱ्या चालीस वजिराचें प्यादें एकदम दोन घरें टाकून भिडविण्यांत, आणि नंतर उंटाचें प्यादें तसेंच दोन घरें टाकून मध्यावर पुन्हां आघात करण्यांत. एका घराच्या सामान्य हिंदी नियमानें खेळणाऱ्यास हे आघात असे एका चालीत करतांच आले नसते; प्यादें एक घर पुढें येई तों शत्रु सावध होई. त्यांत तिसरी गोष्ट युरोपीय किल्लेकोटाची. म्हणजे महेशचंद्रांनीं या डावांत आपल्या खेळांतील दूरवर मारा करणारा उंट घेतला, परक्या खेळांतील प्याद्याची दुहेरी उडी व किल्लेकोट घेतला, आणि या सर्वांचा असा मेळ घातला कीं, जो केवळ हिंदी खेळांत झाला नसता व केवळ युरोपीय रूढींतहि त्या काळीं कोणास मानवला नसता. वारशानें उंटाची जागा मिळाली. प्याद्याची उडी केव्हां व कशासाठीं घ्यावी, हें वारशानें सांगितलें नाहीं. तें खेळणाराच्या बुद्धीनें ठरविलें.

यावर असा आक्षेप येईल कीं, एका डावावरून एवढें अनुमान काढणें धाडसाचें आहे. तिसऱ्या चालीची उडी सहज सुचली असेल. तिसरी चाल एकटी असती तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. परंतु तिच्या पाठोपाठ घोड्याची अदलाबदल, उंटाच्या प्याद्याचा आघात, दुसऱ्या घोड्याचें त्याच बिंदूवर येणें व दुसऱ्या उंटानें मध्याचा रक्षक घोडा रोंखणें, अशा चार गोष्टी एकाच हेतूनें क्रमानें येतात. एक चाल चुकून सुचते. पांच चाली एकाच दिशेनें चुकून पडत नाहींत.

मात्र या पुराव्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. महेशचंद्रांनीं या बचावाचें शास्त्र रचलें, असें म्हणण्यास आधार नाहीं. पांढऱ्याच्या निरनिराळ्या उत्तरांचें पृथक्करण करून तो बचाव विसाव्या शतकांतील श्रेष्ठ सामन्यांत टिकेल असा भक्कम केला, तें श्रेय ग्रुनफेल्डचें व त्याच्या समकालीनांचें आहे. ग्रुनफेल्डनें कलकत्त्याचा डाव पाहूनच आपली चाल घेतली, असेंहि विधान येथें केलेलें नाहीं. कालानुक्रमानें आधीचें असणें निराळें व दुसऱ्याचें मूळ असणें निराळें; ही दोन विधानें एक समजल्यानें पुष्कळ अनर्थ होतात.

७. नांवांचा प्रश्न

इ. स. १९२० नंतरच्या दशकांत युरोपांत एक नवा संप्रदाय पुढें आला. निम्झोविच, रेती, टार्टाकोव्हर, ग्रुनफेल्ड हे त्यांतील प्रमुख. मध्यभाग प्याद्यांनीं व्यापण्यापेक्षां त्यावर दुरून मोहऱ्यांचा ताबा ठेवावा, शत्रूस पुढें येऊं देऊन मग त्याचा मध्य फोडावा, हें त्यांचें सूत्र. या संप्रदायाच्या आवडत्या बचावांस ‘राजाचा हिंदी’, ‘वजिराचा हिंदी’, ‘निम्झो-हिंदी’ अशीं नांवें मिळालीं. ‘हिंदी बचाव’ हा शब्द मात्र त्यांच्याहि पूर्वींचा. त्याचा आजवर आढळलेला सर्वांत जुना उपयोग इ. स. १८८४ मधील असून त्यांतील ‘हिंदी’ या विशेषणाचा संबंध महेशचंद्रांच्या खेळाशीं जोडला जातो.

येथें एक विसंगति नजरेस येते. १८४८ च्या डावांत कोक्रेननें चौथ्या चालीस घोडा दिला, त्या प्रकारास आज ‘कोक्रेन गँबिट’ असें त्याच्या नांवानें ओळखतात. त्याच दोघांच्या १८५५ च्या डावांतील काळ्याच्या प्रारंभास मात्र ऑस्ट्रियन खेळाडूचें नांव आहे, आणि त्याच्या वर्गास एका देशाचें. एका बाजूस व्यक्ति राहिली; दुसऱ्या बाजूस व्यक्ति जाऊन देश तेवढा उरला. कोक्रेन ग्रंथकार होता, त्याचे डाव छापले गेले, त्याचे मित्र संपादक होते. महेशचंद्रांच्या बाजूनें लिहिणारें कोणी नव्हतें. यांत कोणाचा दुष्ट हेतु शोधण्याचें कारण नाहीं. ज्याच्या हातीं लेखणी त्याचें नांव राहतें, हा इतिहासाचा सर्वत्र दिसणारा नियम येथेंहि लागू पडला, इतकेंच.

किंबहुना बुद्धिबळांतील नांवांवरून उगम ठरविणें मुळांतच धोक्याचें आहे. प्रस्तुत डावाच्या शेवटीं जी कोंडीची मात झाली, तिला अठराव्या शतकांतील फिलिदोर या फ्रेंच खेळाडूचें नांव आहे. पण ती लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या इ. स. १४९७ च्या ग्रंथांतहि सांपडते. ‘स्कॉच’ नांवाचा प्रारंभ १८२४ मध्यें सुरू झालेल्या एडिंबरो व लंडन यांच्या पत्रद्वारें चाललेल्या सामन्यावरून प्रसिद्ध झाला; परंतु त्या सामन्यांत तो प्रथम लंडनच्या बाजूनें, आणि तोहि याच कोक्रेनच्या सल्ल्यानें, खेळला गेला. तेव्हां नांव हा उगमाचा पुरावा नव्हे. तें फार तर प्रसिद्धीचें चिन्ह होय. ग्रुनफेल्डचें नांव काढून महेशचंद्रांचें घालावें अशी मागणी करण्याचें प्रयोजन म्हणूनच दिसत नाहीं. इतिहासकाराचें काम पाट्या बदलण्याचें नसून पाटीमागें काय आहे हें दाखविण्याचें आहे.

या बचावाचा पुढील वृत्तांत सर्वविश्रुत आहे. इ. स. १९५६ मध्यें न्यूयॉर्क येथें तेरा वर्षांच्या बॉबी फिशरनें डोनाल्ड बर्नविरुद्ध जो डाव जिंकला व ज्यास पुढें ‘शतकांतील डाव’ म्हणूं लागले, तो याच बचावाचा. इ. स. १९८६ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत कास्पारोव्हनें कार्पोव्हविरुद्ध त्याचा आश्रय केला. इ. स. २०१० मध्यें सोफिया येथें विश्वनाथन आनंद यांनींहि टोपालोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांतील पहिल्याच डावांत काळ्या मोहऱ्यांनीं हाच बचाव घेतला. तो डाव ते हरले; सामना मात्र त्यांनीं जिंकला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा:

(अ) इ. स. १८५५ च्या डावाची नोंद अंतर्गत परीक्षेस उतरते. तींत आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणून प्रसिद्ध असलेला प्रारंभ त्याच्या प्रमुख योजनेसह आढळतो.

(आ) घोड्याचें प्यादें एक घर व त्यामागें लांब कर्णावर उंट, ही रचना हिंदी नियमांच्या खेळांतून आली, हें मत ग्राह्य आहे.

(इ) परंतु वजिराच्या व उंटाच्या प्याद्यांचे दोन दोन घरांचे आघात व किल्लेकोट हे नव्या नियमांतून घेतलेले आहेत. जुन्या व नव्या रीतींचा हा मेळ संवयीनें झालेला नसून खेळाडूनें घातलेला आहे. १८४८ च्या डावावरून त्याच्यापुढें दुसरा मार्ग खुला होता हें सिद्ध होतें.

(ई) म्हणून ‘हिंदी बचाव’ या नांवांतील ‘हिंदी’ शब्दाचा अर्थ एका देशाची जुनी वहिवाट एवढाच करूं नये. त्यामागें दोन खेळांच्या सीमेवर उभें राहून स्वतः विचार करणारी एक व्यक्ति आहे.

आपल्याकडे जुन्या दप्तरांत बुद्धिबळाचे पट, मोहरीं, नकाशे व स्थितींच्या टिपणांचे सुटे कागद आढळण्याचा संभव असतो. करमणुकीचे कागद म्हणून ते बाजूस टाकले जाऊं नयेत. पूर्वीं एखाद्या पानावर मांडलेल्या चार चालींवरूनहि ग्रंथांनीं न सांगितलेली गोष्ट कळूं शकते. महेशचंद्रांच्या बाबतींत सध्यां आपणांस त्यांच्या चालींशिवाय दुसरा साक्षीदार नाहीं, आणि तो खोटें बोलत नाहीं.